नोकरी बदलली की रांग सुटते?

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की आमच्या घरात सगळ्यांना कळतं, टिळकवाडीहून अक्काचा फोन. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते. लेकाशी बोलून झालं की त्या बोलण्याचा गोषवारा अक्का मला देते. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात, अशाच एका रविवारी तिनं गोषवारा न देता एकदम सांगितलं, "तो नोकरी सोडतोय म्हणे. तू सांग की त्याला. तुझं ऐकतो. आठ वर्षं रांगेत उभा आहे, आता नोकरी सोडली तर ग्रीन कार्ड गेलंच की!"

मागून भावोजींचा आवाज आला, "केलसा बिडब्याड अंत हेळ." आमच्या अक्काचं सासर कन्नड. भाचा आईशी मराठीत आणि वडिलांशी कन्नडमध्ये बोलतो. दोन्ही भाषांत त्याला त्या रात्री एकच सल्ला मिळाला होता: नोकरी सोडू नको.

मी "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. पण माझ्या मनात भाचा नव्हता, मामेभाऊ होता. हाच सल्ला मी पूर्वी एकदा दिलेला आहे. तो चुकीचा होता, आणि त्याची किंमत मला नाही, दुसऱ्यांना मोजावी लागली. ती गोष्ट आधी सांगते.

२००७ सालचा जुलै. मी नुकतीच कॉलेजात लागले होते. मामेभाऊ न्यू जर्सीत संगणकाच्या एका छोट्या कंपनीत होता. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक व्हिसा बुलेटिन काढतं. कोणत्या देशाच्या, कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा नंबर लागला, ते त्यात असतं. त्या जुलैच्या बुलेटिनात नोकरीवर आधारलेले जवळजवळ सगळे गट अचानक खुले झाले. तारीख कुठलीही असो, शेवटचा अर्ज भरा! मामेभावाचा फोन आला, जन्माचा दाखला पाहिजे, लगेच पाहिजे. मामा आणि मी महापालिकेत जाऊन तो काढला आणि कुरिअरनं पाठवला. तो पोचेपर्यंत २ जुलै उजाडला आणि त्याच दिवशी जाहीर झालं की व्हिसा संपले, एकही अर्ज घेणार नाही.

त्यानंतर जे झालं ते वाचकांपैकी काहींना आठवत असेल. तिथल्या भारतीयांनी गांधीगिरी केली. मुन्नाभाईचा दुसरा सिनेमा आदल्या वर्षीच येऊन गेला होता. १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाच्या नावे शेकडो पुष्पगुच्छ पोचले. त्यांनी ती फुलं लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. आठवड्याभरात, १७ जुलैला, सरकारनं निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. मामेभावाचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमा झाला. मामांनी पेढ्यांऐवजी कुंदा वाटला.

इथपर्यंत सगळं छान. पुढे २००८ ची मंदी आली. त्याच्या कंपनीनं पगार गोठवला, कामाचे तास वाढवले. २००९ साली मामा आजारी पडले. रजा मागितली तर साहेबानं सांगितलं, आत्ता जायचं असेल तर परत यायचं नाही, आणि नोकरी गेली की कार्डाचा अर्जही गेला समज. त्यानं मला फोन केला. काय करू म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आता एवढं आलंय तर थोडं सोस. नोकरी सोडू नकोस." मामा गेले तेव्हा तो तिकडेच होता.

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याचा शेवटचा अर्ज जमा होऊन सहा महिने झाले तेव्हा, म्हणजे २००८ च्या फेब्रुवारीतच, त्याला दुसरीकडे तशाच कामावर जाण्याची कायद्यानं मुभा होती. तो कायदा नवा नव्हता. ऑक्टोबर २००० मध्ये क्लिंटन यांच्या सहीनं झालेला होता. ते त्याला साहेबानं सांगितलं नाही, आणि वकिलाला त्यानं विचारलं नाही, कारण वकील कंपनीचा. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मलाही शोधून बघण्याची बुद्धी झाली नाही.

तर या खेपेला फोन करण्याआधी मी दोन दिवस वाचत बसले. जे कळलं ते इथे मांडते, कारण आपल्या भागात ज्या घरातला कुणी तिकडे नाही असं घर आता शोधावं लागतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली बेळगावात आलं, आणि त्याआधीपासूनची आपली इंजिनिअरिंग कॉलेजं आहेतच. त्यांतून बाहेर पडलेल्या पोरांच्या आयांना हे माहीत असायला हवं.

नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली, कामगार खात्याचा दाखला. या कामासाठी योग्य आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं. त्यासाठी वर्तमानपत्रात दोन रविवारी जाहिरात द्यायची. (ज्या खुर्चीवर आपला पोरगा आधीच बसलेला आहे तिचीच जाहिरात! असो.) या पायरीला पर्म म्हणतात. दुसरी पायरी आय-१४० नावाचा अर्ज. तोही कंपनी इमिग्रेशन खात्याकडे करते. तिसरी पायरी आय-४८५. हा शेवटचा अर्ज माणूस स्वतः करतो, पण त्याचा नंबर आल्यावरच. आणि पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तारीख म्हणजे रांगेतला नंबर.

रांग एवढी लांब का? १९९० च्या कायद्यानं नोकरीवरून द्यायची कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ठरवली. त्यात बायको-मुलंही मोजायची. शिवाय जन्माच्या देशावरून एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांचा जो दुसरा गट, त्यात मूळ हिशेबानं भारताच्या वाट्याला वर्षाला २,८०३ कार्डं येतात. एखाद्या वर्षी इतरांची उरलेली मिळतात तेव्हा रांग धावते. करोनाच्या काळात कुटुंबाच्या गटातली कार्डं वाया जाऊ लागली, ती इकडे वळली आणि २०२१ व २०२२ या त्यांच्या आर्थिक वर्षांत एकूण आकडा अडीच लाखांच्या वर गेला. पण अशी वर्षं विरळा. २०२५ मधल्या बुलेटिनांत या गटातल्या भारतीयांची तारीख २०१२-१३ च्या आसपास रेंगाळत होती. भाच्याची तारीख मार्च २०१७ ची.

इथे एक गंमत सांगते. नंबर जन्माच्या देशावरून लागतो, पण नवरा-बायकोपैकी कुणा एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर दोघांना त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. वडील नोकरीला कुवेतला असताना तिथे जन्मलेली एखादी मुलगी बघायला सांगून आली, तर पत्रिकेत हा गुण मोजायला हरकत नाही.

आमच्या लहानपणी बाबांनी बजाजच्या स्कूटरला नंबर लावला होता. तो यायला वर्षं लागली. तोपर्यंत घर बदललं, बाबांची नोकरी बदलली, पण नंबर बाबांच्या नावावर होता, तो कुठे गेला नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल आपल्या घरांतून जी भीती असते ती याच एका मुद्द्याची आहे. लोकांना वाटतं, नंबर कंपनीच्या नावावर असतो. पहिल्या पायरीवर ते खरं आहे. पर्म कंपनीचा. तो मंजूर होऊन पुढचा आय-१४० मंजूर होण्याआधी नोकरी सोडली, तर सगळं पहिल्यापासून आणि तारीखही नवी. (२००७ पर्यंत तर एकाच्या नावाचा पर्म कंपनी दुसऱ्याला बहाल करू शकत होती, काळ्या बाजारातल्या स्कूटरच्या नंबरासारखा. त्या वर्षी ते बंद झालं.)

पण आय-१४० मंजूर झाला की तारीख माणसाची होते. मग नवी कंपनी नवा पर्म करते, नवा आय-१४० करते, आणि त्याला जुनी तारीख जोडून मिळते. मेहनत नव्यानं, नंबर जुना. खोटेपणा किंवा खात्याची ढोबळ चूक निघाल्यामुळे मंजुरी रद्द झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून खोट्या अनुभवाचे दाखले जोडणाऱ्या सल्लागारांपासून लांब राहायचं, तिथे नोकरी बदला न बदला, धोका आहेच.

मधली एक अट आहे, १८० दिवसांची. पूर्वी माणूस सोडून गेला की चिडलेली कंपनी आय-१४० मागे घ्यायची आणि मग सहा वर्षांपुढची एच-वन-बीची मुदतवाढ अडकायची. हा व्हिसा तीन अधिक तीन अशा सहा वर्षांचा. पुढे तो तीन-तीन वर्षांनी वाढतो तो मंजूर आय-१४० च्या जोरावर. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी ठरवलं की मंजुरीला १८० दिवस झाल्यावर कंपनीनं अर्ज मागे घेतला, तरी केवळ तेवढ्यानं मंजुरी रद्द होत नाही. तारीख टिकते आणि त्या आधारावर व्हिसाही वाढतो. म्हणजे मंजुरीनंतर सहा महिने दम धरायचा. आठ वर्षं नव्हे, सहा महिने!

मंगळवारी रात्री मी भाच्याला फोन केला. मला वाटलं होतं त्याला यातलं बरंच ठाऊक नसेल. त्याला सगळं पाठ होतं.

"मावशी, माझा आय-१४० २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झालाय. नव्या कंपनीनं एच-वन-बीचा अर्ज दाखल केला की मी तिथे कामाला लागू शकतो. ते पर्म नव्यानं करणार, दीड-दोन वर्षं त्यात जातील. माझा नंबर तोपर्यंत येतच नाही. मग घाई कुणाला आहे?"

"मग अडलंय कुठे?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई रडते."

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. एका विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम. आठ वर्षं तेच. रात्री-अपरात्री फोन. त्याच्या निम्म्या अनुभवाची मुलं दुसरीकडे त्याच्याहून जास्त पगार घेतात. वय सदतीस आणि रक्तदाबाची गोळी सुरू झालेली. हे अक्काला माहीत नव्हतं. "कुणी बाहेरचा धरून ठेवत नाही गं मावशी मला," तो म्हणाला. "साहेब चांगला आहे. सोडू नको असं फक्त घरून सांगतात."

हे ऐकल्यावर मला मामेभावाचा फोन आठवला नसता तरच नवल. तिथे साहेबानं धाक घातला होता आणि आम्ही त्याला दुजोरा दिला. इथे तर साहेबाची गरजही उरली नव्हती. वीस वर्षांत घराघरांत ती भीती एवढी मुरली आहे की 'कार्ड येईपर्यंत' हे शब्द आपण 'परीक्षा होईपर्यंत' म्हणावं तितक्या सहज म्हणतो. परीक्षा मार्चात संपते. २०१७ ची तारीख घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'कार्ड येईपर्यंत' म्हणजे कदाचित पन्नाशीपर्यंत. एवढा काळ एकाच खुर्चीत बसून राहणं ही सुरक्षितता नाही. बसल्या बसल्या कामाची विद्या जुनी होते आणि मग कंपनीनंच काढलं तर जायला जागा राहत नाही. तसं झालं तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात, हाही त्या २०१७ च्या नियमांतलाच भाग. साठ दिवसांत घाबरून मिळेल ती नोकरी धरण्यापेक्षा हातात नोकरी असताना चांगली बघून घेणं बरं, हे सांगायला अर्थशास्त्राची एम.ए. लागत नाही.

आमच्या कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट याहून पुढच्या पायरीची. तिची तारीख २०१४ ची. ऑक्टोबर २०२० मध्ये तिसऱ्या गटात अर्ज भरण्याची तारीख भारतीयांसाठी एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत आली, तेव्हा पुष्कळांनी दुसऱ्या गटातून तिसऱ्यात येऊन शेवटचा अर्ज भरला. तीही त्यांत होती. पुढे तारीख मागे सरकली आणि तिचा अर्ज तसाच पडून राहिला. पण आय-४८५ पडून १८० दिवस झाले की नवा पर्मही लागत नाही. तेच किंवा तत्सम काम असलं की पुरे. तिनं २०२२ मध्ये कंपनी बदलली. नव्या कंपनीनं 'सप्लिमेंट जे' नावाचा फॉर्म भरून दिला, की होय, हे काम आम्ही हिला कायमचं देतो आहोत. संपलं.

आता 'तत्सम' म्हणजे किती? सॉफ्टवेअर लिहिणारा वरिष्ठ झाला, तशाच माणसांच्या गटाचा प्रमुख झाला, तर चालतं. २०१६ मध्ये इमिग्रेशन खात्यानं याबद्दल मार्गदर्शन काढलं आहे. शहर बदललं, पगार वाढला, तेवढ्यानं बिघडत नाही. पण सॉफ्टवेअर सोडून त्यानं न्यू जर्सीत बेळगावी कुंद्याचं दुकान टाकलं, तर ते तत्सम नव्हे, कुंदा कितीही चांगला असो.

या मुलीनं एक शहाणपणा केला. शेवटचा अर्ज पडला की काम करण्याचं वेगळं परवानापत्र मिळतं, त्यावर नोकरी करता येते. पुष्कळजण मग एच-वन-बी सोडून देतात. तिनं नव्या कंपनीकडून तोही चालू ठेवून घेतला. उद्या अर्ज नामंजूर झालाच तर पायाखाली काहीतरी असावं म्हणून. आणि कंपनीच्या वकिलावर न थांबता पदरचे पैसे घालून एका स्वतंत्र वकिलाचा तासभर घेतला. कंपनीचा वकील वाईट असतो असं नाही, पण त्याची फी कंपनी देते. मंजुरीच्या कागदाची प्रत, पगाराच्या पावत्या, अनुभवाचं पत्र, सगळं तिनं निघण्याआधी जमवून ठेवलं होतं. आय-१४० चा अर्जदार कंपनी असल्यामुळे ती प्रत मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. नसेलच मिळाली तर तिकडच्या माहितीच्या कायद्याखाली सरकारकडे मागता येते.

भाच्याच्या बाबतीत एकच खरी काळजी होती. सुनेची नोकरी. एच-फोरवर असलेल्या जोडीदाराला काम करण्याचा परवाना मे २०१५ पासून मिळू लागला, तो नवऱ्याच्या मंजूर आय-१४० वर अवलंबून. म्हणजे ती मंजुरी टिकली तर तिची नोकरी टिकते. टिकणार होती. त्यांची मुलगी तिकडेच जन्मलेली, तिला कार्डाची गरज नाही. ज्यांची मुलं इथे जन्मून लहानपणी तिकडे गेली त्यांचं मात्र अवघड आहे. मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईबापांच्या अर्जातून गळतं. २००२ च्या एका कायद्यानं वय मोजताना थोडी सवलत दिली आहे, पण एवढ्या लांब रांगेपुढे ती किती पुरणार? या घरांनी नोकरीच्या आधी मुलाच्या वयाचा हिशेब करावा.

अक्काला हे सगळं सांगायला मी स्वतः टिळकवाडीत गेले. फोनवर जमलं नसतं. वहीच्या पानावर तीन पायऱ्या काढून दाखवल्या. भावोजींनी पान हातात घेऊन चष्मा वर केला, दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इदु आगेदऽ?" हे झालंय? म्हटलं, झालंय, कधीच झालंय. "हंगाद्र बिडली," म्हणाले. तसं असेल तर सोडू दे. इतक्या लवकर!

अक्काला वेळ लागला. तिला मी गोळीबद्दल सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, पण तिनंच काढलं. "मागच्या महिन्यात मोबाईलवर बोलताना मागे टेबलावर गोळ्यांचं पाकीट दिसलं मला. तुझ्या भावोजींचंच आहे तसलं. मी विचारलं नाही." मग बराच वेळ ती शेंगा सोलत बसली.

भाच्यानं सप्टेंबरात राजीनामा दिला. त्याच महिन्यात एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या फीची घोषणा झाली आणि अक्काचा पुन्हा फोन, आता काय? तो अर्ज आधीच दाखल झाला होता, आणि ती फी मुख्यतः देशाबाहेरच्यांच्या नव्या अर्जांसाठी होती. पण व्हिसाचा शिक्का नवा घ्यायला इकडे यायचं तर त्याला आता धीर होत नाही. डिसेंबरात भारतातल्या कितीतरी जणांच्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. दोन नोकऱ्यांच्या मधल्या आठवड्यात दिवाळीला यायचं त्यानं मनात धरलं होतं, ते राहिलं. नोकरी बदलायला मोकळीक आहे, घरी यायला नाही, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही पण तसंच आहे.

नव्या जागी रात्रीचे फोन नाहीत. सुनेची नोकरी आहे तशी चालू आहे. पर्मची जाहिरात यंदा निघेल म्हणतात. मामेभावाला त्याचं कार्ड २०१७ साली मिळालं, २००५ च्या तारखेवर. त्यानं भाच्याला आपणहून फोन केला होता. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

अक्कानं मार्च २०१७ ची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, गॅसच्या नंबराच्या खाली. नवं वर्ष लागलं, नवं कालनिर्णय आलं, तेव्हा जुन्यावरून बघून पुन्हा लिहिली. मला दाखवून विचारलं, "हीच ना? बदलली नाही ना?"

हीच, म्हटलं.